दोन मिनिटांचे पाहुणे

वाचकहो, गेल्या हिवाळ्यात करमाळा तालुक्यातील एक शिक्षिका जुळे सोलापुरातील माझ्या घरी आल्या होत्या. शाळेतील नववी-दहावीच्या मुलांना डोंगरावरची एखादी वेधशाळा दाखवावी, एक रात्र तिथे मुक्काम करावा, असा त्यांचा विचार होता. त्या म्हणाल्या, "सर, किल्ल्यावर न्यायचं तर काय सांगायचं ते आम्हांला ठाऊक आहे. पण वेधशाळेत पाहुणा म्हणून गेल्यावर वागायचं कसं, ते कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही इतिहासाचे. तुम्हांला विचारून उपयोग होईल का?"

मी म्हणालो, "बाई, उपयोग होईल. कारण तुमच्याच तालुक्यात एकदा असे पाहुणे येऊन राहिले होते. दोन मिनिटांच्या कामासाठी ते अर्धी पृथ्वी ओलांडून आले होते."

बाईंना आश्चर्य वाटले. तुम्हांलाही वाटेल. म्हणून आधी ती हकीकत सांगतो, आणि मग तिच्यातूनच निघणारे चार नियम सांगतो.

सोलापूर जिल्ह्यात, पुणे-सोलापूर लोहमार्गावर, जेऊर हे स्टेशन आहे. गाडीने जाताना आपण ते कितीदा मागे टाकले असेल. २२ जानेवारी १८९८ रोजी, शनिवारी दुपारी, या जेऊरच्या माळावर भर उन्हात अंधार झाला. खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राच्या दाट छायेचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून चढला, घाट ओलांडून आपल्या जिल्ह्यातून गेला, आणि पुढे वऱ्हाड, नागपूर असा ईशान्येकडे सरकत हिमालयापर्यंत पोहोचला. जेऊरला खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटे टिकली.

या दोन मिनिटांसाठी जेऊरला कोण कोण आले होते, पाहा. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांताच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल आले होते. त्याच प्रांतातील चॅबट वेधशाळेचे चार्ल्स बर्कहाल्टर आले होते. जपानमधून टोकियो वेधशाळेचे प्राध्यापक तेराओ आपली मंडळी घेऊन आले होते. आणि आपल्या पुण्याहून सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आले होते. अमेरिका, जपान आणि महाराष्ट्र अशा तिन्ही ठिकाणची माणसे एका लहानशा स्टेशनाभोवती तंबू ठोकून राहिली होती!

यांपैकी लिक वेधशाळेचे नाव ध्यानात ठेवा. ती हॅमिल्टन नावाच्या पर्वताच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फुटांवर बांधलेली आहे. पर्वतशिखरावर कायम वस्ती करून चालवलेली जगातील पहिली वेधशाळा ती हीच. १८८८ साली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हाती आली. तिथले ज्योतिर्विद बायकामुलांसह डोंगरावरच राहत. पाणी जपून वापरायचे, सामान खालून वर चढवायचे, रात्री जागायचे आणि दिवसा निजायचे, हा त्यांचा रोजचा संसार. त्यामुळे ओसाड जागी राहून काम कसे करावे याचा धडा त्यांनी घरीच गिरवलेला होता. तोच धडा घेऊन ते आपल्या माळावर उतरले.

आता कुणी विचारील, डोंगरावरची माणसे सपाटीवर कशाला आली? त्याचे उत्तर सोपे आहे. ग्रहण काही वेधशाळेच्या दारी येत नाही. जिथे छाया पडेल तिथे आपणच जावे लागते. आणि छायेच्या पट्ट्यात गाव निवडायचे तर तीन गोष्टी पाहायच्या: आभाळ निरभ्र हवे, हवा कोरडी हवी, आणि जड पेट्या पोहोचवायला रस्ता हवा. जानेवारीतले आपले आभाळ कसे असते ते तुम्हांला ठाऊकच आहे. लोहमार्ग तर १८६० सालीच सोलापूरपर्यंत आलेला होता. ज्या कोरडेपणामुळे आपला जिल्हा दुष्काळी म्हणून ओळखला जातो, त्याच कोरडेपणामुळे जगातील ज्योतिर्विदांना तो हवासा वाटला!

आणि काळ कोणता होता? १८९६-९७ च्या भीषण दुष्काळाने सोलापूर जिल्हा नुकताच होरपळून निघाला होता. मुंबई-पुण्याकडे प्लेगने थैमान घातले होते. १८९७ च्या जून महिन्यात पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. १८९३ साली 'ओरायन' हा ग्रंथ लिहून मृगशीर्षावरून वेदांचा काळ ठरवू पाहणारे लोकमान्य टिळक त्या जानेवारीत तुरुंगात होते. अशा दिवसांत परक्या माणसांनी येऊन माळावर तंबू ठोकायचे, ही काही सहलीची गोष्ट नव्हती. पाहुण्यांनाही धोका होता, आणि यजमानांच्या घरी तर धान्यसुद्धा नव्हते.

कॅम्बेल यांची मंडळी १८९७ च्या अखेरीस जेऊरला पोहोचली. क्रॉकर नावाच्या धनिकाच्या देणगीतून त्यांचा खर्च भागला होता. पत्नी एलिझाबेथ बरोबर होत्या, आणि छावणीचा सगळा संसार त्यांनी सांभाळला. दोन मिनिटांच्या कामासाठी काही आठवडे आधी येऊन राहायचे. कशासाठी, ते आता सांगतो.

त्यांच्याजवळ चाळीस फूट लांबीचा एक कॅमेरा होता. हो, चाळीस फूट! त्याच्या भिंगाने पडणारी सूर्याची प्रतिमा सुमारे साडेचार इंच व्यासाची होई. हाच कॅमेरा १८९३ साली चिली देशात वापरला होता, तेव्हा तिथे डोंगराचा उतार होता आणि त्यावर तो टेकवता आला. जेऊरचा माळ मात्र सपाट. तेव्हा भिंग उंच धरण्यासाठी मनोरा उभारणे आले. तो वाऱ्याने केसभरही हलता कामा नये, नाहीतर चित्र फिसकटणार. सूर्य आभाळात सरकतो, तर त्याच गतीने फोटोची काच सरकली पाहिजे. हे सारे बसवायचे, तपासायचे आणि मग तालीम करायची.

तालीम हा शब्द मी मुद्दाम वापरतो. याच ग्रहणासाठी सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गच्या किल्ल्यात उतरले होते. त्यांनी मेल्पोमेनी या आरमारी जहाजावरचे खलाशी मदतीला घेतले आणि नाटकाच्या तालमीसारख्या तालमी करवून घेतल्या. काच कुणी द्यायची, झाकण कुणी उघडायचे, सेकंद कुणी मोठ्याने मोजायचे, हे ज्याचे त्याला नेमून दिले होते. आपल्याकडे म्हणतात ना, रात्र थोडी सोंगे फार. इथे तर रात्रच दोन मिनिटांची! अशा वेळी ज्याने त्याने आपलेच काम करायचे असते. आभाळाकडे टक लावून पाहत राहिलेला माणूस काम चुकवतो.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असे आपल्याकडे पुष्कळदा सांगतात. त्या ग्रहणाची छाया विजयदुर्गावरून गेली हे खरे. परंतु त्या वर्षी लॉकियर इंग्लंडात होते. ग्रहण पाहणारे फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधूनच, ग्रहणावाचून, सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गाला ते आले ते १८९८ साली. किल्ल्यातले 'साहेबाचे कट्टे' त्याच मुक्कामाची खूण आहेत. शिक्षकांनी मुलांना हे नीट सांगावे, कारण खरी हकीकत काही कमी रंजक नाही.

त्या वर्षी महाराष्ट्राच्या भूमीवर असे मुक्काम ठिकठिकाणी पडले होते. वऱ्हाडात तळणी येथे माँडर पती-पत्नी आणि एव्हरशेड होते, वर्ध्याजवळ पुलगावला न्यूअल होते. आभाळ सगळीकडे स्वच्छ राहिले. अ‍ॅनी माँडर यांनी लहानशा कॅमेऱ्याने सूर्यप्रभेचा लांबच लांब पसरलेला किरण टिपला. मोठे यंत्र नसले तरी नीट तयारीने काम होते, हे या बाईंनी दाखवून दिले.

आता आपल्या नायगमवालांकडे या. पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांनी वेधशाळा उभारली, ती भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या ५,००० रुपयांच्या देणगीवर आणि सरकारने घातलेल्या तेवढ्याच रकमेवर. १८८८ साली ती सुरू झाली. तिथली वीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण अनेक वर्षे भारतातील सर्वांत मोठी होती. जेऊरला त्यांनी काय केले? खग्रास अवस्था सुरू होताना आणि संपताना, अगदी क्षणभर, सूर्याच्या कडेचा पातळ थर उजळतो आणि वर्णपटात तेजस्वी रेषा चमकून जातात. त्या क्षणाची छायाचित्रे त्यांनी मिळवली, आणि पुढे १९०२ साली जेऊरच्या वेधांचा अहवाल छापून प्रसिद्ध केला. कॅम्बेल आणि तेराओ यांच्या शेजारी बसून एका भारतीय प्राध्यापकाने केलेले हे काम आहे.

परंतु पुढची गोष्ट मनाला लागते. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर ती वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला पाठवण्यात आली. तिकडे कॅम्बेल १९०१ साली लिक वेधशाळेचे संचालक झाले, पुढे विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, आणि त्यांची वेधशाळा त्यांच्यामागेही चालू राहिली. फरक बुद्धीचा नव्हता. एका ठिकाणी शिखरावर वस्ती होती, पाठोपाठ शिकणारी माणसे होती. दुसऱ्या ठिकाणी एकटा माणूस होता. वेधशाळा म्हणजे निव्वळ दुर्बीण नव्हे. तिच्याभोवती येणारी-जाणारी, शिकणारी आणि नियम पाळणारी माणसे लागतात. म्हणून पाहुण्याने कसे वागावे या प्रश्नाला मी क्षुल्लक मानत नाही.

कोडाईकनालचे नाव आले म्हणून सांगतो. १८७६-७७ च्या मद्रासकडील दुष्काळानंतर सरकारी आयोगाने सूर्याचा अभ्यास व्हावा असे सुचवले. सूर्यावरचे डाग आणि पावसाळा यांचा काही संबंध लागतो का, हे पाहायचे होते. त्या विचारातून पुढे पळणी डोंगरात, सुमारे २,३०० मीटर उंचीवर, कोडाईकनालची वेधशाळा झाली. १८९५ साली तिचा पाया घातला गेला. पाऊस सांगण्याची ती आशा तशी फळाला आली नाही, परंतु सूर्याच्या शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदी तिथे जमा झाल्या. तेव्हा आकाशाचा अभ्यास हा पोट भरलेल्यांचा छंद आहे असे कुणी म्हणेल, तर त्याला सांगा की आपल्या देशातील एक मोठी वेधशाळा दुष्काळाच्या पोटी जन्मली आहे.

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. आज महाराष्ट्रात जायचे तर पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, जुन्नरच्या बाजूच्या डोंगरावर, गिरवलीची वेधशाळा आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेने ती २००६ साली सुरू केली. तिथल्या दुर्बिणीचा आरसा दोन मीटरचा आहे. तिथे जा किंवा दुसऱ्या कुठल्याही शिखरावर जा, नियम बहुतेक सारखेच.

पहिला नियम वेळेचा. लेखी परवानगी आधी काढावी. पावसाळा टाळावा, कारण त्या महिन्यांत आपल्याकडे दुर्बिणीचा घुमट उघडताच येत नाही. अंधुक तारे आणि आकाशगंगा पाहायची तर अमावास्येच्या आसपासची तारीख धरावी. पौर्णिमेला जाऊन तारे दिसले नाहीत म्हणू नये. डोंगरावर दिवस मावळण्यापूर्वी पोहोचावे. घाटरस्ता उजेडात चढून होतो, आणि रात्री गाडीचे दिवे घुमटावर पडत नाहीत.

दुसरा नियम अंधाराचा. माणसाचा डोळा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि तो सराव मोडायला एक क्षण पुरतो. माझीच फजिती सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी मी एका डोंगरावरील वेधशाळेत गेलो होतो. पायरी दिसेना म्हणून खिशातली विजेरी पेटवली. अंधारातून तीन-चार जण एकदमच ओरडले! अर्धा तास सरावलेले त्यांचे डोळे मी क्षणात दिपवले होते. तेव्हापासून मी विजेरीच्या काचेवर लाल कागद बांधतो. लाल मंद उजेडाने डोळ्यांचा सराव फारसा मोडत नाही. आणि हातातला मोबाईल म्हणजे विजेरीच समजा. तो बंद करून पिशवीत ठेवावा.

तिसरा नियम हवेचा आणि कपड्यांचा. घुमटात शेकोटी नसते, हीटर नसतो. का? उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दूरचे झाड थरथरताना तुम्ही पाहिलेच आहे. गरम हवा वर चढते आणि पलीकडचे चित्र हलते. घुमट आतून गरम राहिला तर तारा असाच थरथरतो. म्हणून आतली आणि बाहेरची हवा सारखी करतात. त्यामुळे थंडी सोसावी लागते. मुलांना कानटोपी, स्वेटर, पायमोजे आणि एक घोंगडी बरोबर न्यायला सांगावे. सोलापूरच्या उकाड्यावरून डोंगराचा अंदाज बांधू नये.

चौथा नियम यंत्राचा. आरशाला किंवा भिंगाला बोट लावायचे नाही, धूळ दिसली म्हणून रुमालाने पुसायचे तर मुळीच नाही. वारा वाढला, दव पडू लागले किंवा ढग आले, की दुर्बीण चालवणारा घुमट बंद करतो. "साहेब, एवढ्या लांबून आलोय, पाच मिनिटे तरी उघडा," अशी गळ घालू नये. त्या घुमटाखाली त्याचा शब्द शेवटचा.

यापलीकडे चार किरकोळ गोष्टी. वेधशाळेची माणसे दिवसा झोपतात, म्हणून सकाळी वसतिगृहाच्या ओसरीवर आरडाओरडा नको. डोंगरावर पाणी कष्टाने चढते, ते जपून वापरावे. आपला कचरा आपणच खाली आणावा. आणि जे दिसेल ते तिथल्या तिथे, वेळेसकट, वहीत लिहावे. जुने ज्योतिर्विद तर दिवसाची मोजणी दुपारी बारापासून करीत, म्हणजे एका रात्रीचे वेध एकाच तारखेखाली येत. १९२५ पासून ती रीत सोडली. तेव्हा आपण मध्यरात्रीनंतर लिहिताना दोन्ही तारखा घालाव्यात. उद्या लिहू म्हटलेली नोंद कधीच लिहिली जात नाही.

हे झाले पाहुण्याचे कर्तव्य. पण यजमानाचेही एक कर्तव्य असते. लडाखमध्ये हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आपली मोठी वेधशाळा आहे. तिथे जाणाऱ्या पाहुण्याने आधी लेहला राहून विरळ हवेची सवय करून घ्यायची असते. त्या परिसरातील गावे २०२२ साली अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाली. तिथले गावकरी घरचे दिवे झाकतात, पाहुण्यांना घरी ठेवून घेतात, आणि स्वतः दुर्बिणीतून तारे दाखवतात. अंधार राखणे हा त्यांच्या घरी चूल पेटवणारा उद्योग झाला आहे.

आमच्या जुळे सोलापुरात आता रात्री गच्चीवर गेलो तर मोजके तारे दिसतात. वस्ती वाढली, दिवे आले. ते यायलाच हवे होते, तक्रार नाही. परंतु दिव्याचे तोंड रस्त्याकडे असावे, आभाळाकडे नव्हे, एवढे तरी करता येईल. खेड्यातील शाळेवर अजून काळेभोर आभाळ आहे. ते आपले धन आहे, आणि विहिरीच्या पाण्यासारखेच ते आटू शकते.

शेवटी ग्रहणाविषयी. मी १९९५ साली शाळेत होतो. २४ ऑक्टोबरच्या सूर्यग्रहणाला आमच्या गल्लीतील दारे-खिडक्या बंद होत्या, आणि आम्ही मुले फटीतून आलेल्या उन्हाचे जमिनीवर पडलेले चंद्रकोरीसारखे ठिपके पाहत होतो. भीतीपोटी बंद केलेल्या खिडकीनेच आम्हांला ग्रहण दाखवले! २ ऑगस्ट २०२७ रोजी पश्चिम भारतातून दुपारनंतर खंडग्रास ग्रहण दिसणार आहे. ते दिवस पावसाळ्याचे. आभाळ उघडले तर मुलांना जरूर दाखवा, पण उघड्या डोळ्यांनी नव्हे. साधा काळा चष्मा किंवा काजळी धरलेली काच चालत नाही. ग्रहणासाठी खास बनवलेला प्रमाणित चष्मा घ्यावा, किंवा पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर घ्यावी. आणि तालीम आदल्या दिवशीच करावी.

बाई निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, डोंगरावर जाण्यापूर्वी मी मुलांना आधी जेऊरला नेते." मला ते फार पटले. स्टेशनाबाहेरच्या माळावर उभे राहून मुलांना सांगता येईल, की बाळांनो, जगातली माणसे इथे दोन मिनिटांसाठी आली, काही आठवडे राहिली, आपापले काम चोख करून गेली. त्यांत एक आपल्या पुण्याचा प्राध्यापक होता, आणि त्याच्यामागे ते काम पुढे नेणारे कुणी उभे राहिले नाही. आता तुमची पाळी आहे.